व्यावसायिक इंग्रजी लिहिताना शब्दांच्या जोड्या कशा सांभाळाव्यात

मराठीत आपण कर्ज काढतो आणि फेडतो; नवससुद्धा फेडतो; पण शपथ मात्र पाळतो, फेडत नाही. एखाद्याला जामीन राहतो, त्याच्याबद्दल हमी देतो, लिलावात बोली लावतो आणि कामासाठी निविदा मागवतो. ‘लिलावात बोली मारली’ असे कोणी म्हणाले तर अर्थ कळतो, पण बोलणारा या व्यवहारातला नाही हेही लगेच कळते. कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद चालते, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. ते ऐकून ऐकून अंगवळणी पडलेले असते. इंग्रजीतही शब्दांच्या अशाच ठरलेल्या जोड्या आहेत आणि त्यांना ‘कलोकेशन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ठामपणे मांडला आणि तेव्हापासून इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीत या जोड्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

गेली काही वर्षे मी लघुउद्योजकांची इंग्रजी पत्रे पाठवण्यापूर्वी वाचून देण्याचे काम करतो. या पत्रांत व्याकरणाच्या चुका वाटतात तितक्या नसतात. काळ बरोबर असतो, स्पेलिंग संगणक सुधारून देतो, तरीही परदेशी ग्राहकाला वाक्य अडखळत वाचावे लागते, कारण शब्दांच्या जोड्या चुकलेल्या असतात. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या (धातू ओतकामाच्या कारखान्याच्या) मालकांनी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, ऑर्डरबाबत परदेशी ग्राहकाला लिहिलेला हा मसुदा पाहा:

‘रिस्पेक्टेड सर, ॲज वुई डिस्कस्ड अबाउट द रेट, वुई आर गिव्हिंग ५ पर्सेंट डिस्काउंट. वुई विल डू द डिलिव्हरी टिल ३० जून. काइंडली डू द ॲडव्हान्स पेमेंट अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम.’

हे इंग्रजी कच्चे आहे असे मी म्हणणार नाही. लिहिणारा मराठीत स्वच्छ विचार करत होता आणि तो विचार त्याने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेला, एवढेच घडले आहे. म्हणूनच या चुका सुधारायच्या तर आधी मराठीकडे पाहावे लागते. नव्याने व्यावसायिक पत्रव्यवहार करू लागलेल्यांनी पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात, असे मी सुचवतो.

पहिली पायरी: ‘करणे’, ‘देणे’ आणि ‘घेणे’ यांवर खूण करा

मराठी व्यवहारभाषेचा निम्मा भार ही तीन क्रियापदे वाहतात. इंग्रजीत मात्र त्यांच्या जागी प्रत्येक नाम आपले वेगळे क्रियापद मागते. एकट्या ‘देणे’चे उदाहरण घेऊ. आपण ऑर्डर देतो, इंग्रजीत ती ‘प्लेस’ करतात: ‘प्लेस ॲन ऑर्डर’. आपण भाव देतो, तेथे ‘कोट अ प्राइस’ म्हणतात. सूट देण्यासाठी ‘ऑफर अ डिस्काउंट’ हे विक्रेत्याच्या तोंडी शोभते. ‘गिव्ह’ चुकीचे नाही, पण साधे आहे. मुदतवाढ देणे म्हणजे ‘ग्रँट ॲन एक्स्टेन्शन’. राजीनामा देणे म्हणजे ‘सबमिट’ किंवा जास्त औपचारिक ‘टेंडर अ रेझिग्नेशन’. आणि मुलाखत देणे येथे तर अर्थच बदलतो. नोकरीच्या अर्जात ‘आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू इन युवर कंपनी’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, हे गृहस्थ प्रसिद्ध असावेत आणि कोणी पत्रकार त्यांना प्रश्न विचारत होता. उमेदवाराने ‘आय अटेंडेड ॲन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय वॉज इंटरव्ह्यूड’ असे लिहावे.

‘घेणे’चेही तसेच आहे. बैठक घेतली हे ‘हेल्ड अ मीटिंग’ होते, ‘टुक अ मीटिंग’ नव्हे. बैठक बोलावली तर ‘कॉल्ड’, अध्यक्षस्थान भूषवले तर ‘चेअर्ड’, हजर राहिलो तर ‘अटेंडेड’. आक्षेप घेणे म्हणजे ‘रेज ॲन ऑब्जेक्शन’. बँकेकडून कर्ज घेणे म्हणजे ‘टेक आउट अ लोन’. पुढाकार आणि जबाबदारी मात्र इंग्रजीतही ‘टेक’च करतात, म्हणजे काही जोड्या आपल्या बाजूने आहेत. निर्णयाबाबत विद्यार्थ्यांचा नेहमी वाद होतो. ‘मेक अ डिसिजन’ सर्वत्र चालते, ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश आणि भारतीय लेखनात सर्रास आढळते. शंका असेल तर ‘मेक’ वापरावे, पण दुसऱ्याने ‘टेक’ लिहिले म्हणून लाल शाई चालवू नये.

‘करणे’ सर्वांत फसवे, कारण त्याच्यासमोर इंग्रजीत ‘डू’ आणि ‘मेक’ असे दोन उमेदवार उभे असतात. चालू असलेल्या कामासाठी ‘डू’ आणि ज्यातून काही निष्पन्न होते त्यासाठी ‘मेक’, हा नियम सुरुवातीला उपयोगी पडतो: ‘डू बिझनेस’, ‘डू रिसर्च’, ‘डू द पेपरवर्क’, पण ‘मेक अ पेमेंट’, ‘मेक अ प्रॉफिट’, ‘मेक ॲन एन्क्वायरी’, ‘मेक प्रोग्रेस’, ‘मेक अ मिस्टेक’. हा नियम सगळीकडे टिकत नाही, म्हणून जोड्या पाठच कराव्यात. शिवाय अनेकदा ‘करणे’साठी वेगळ्या क्रियापदाची गरजच नसते. ‘सही करणे’ याचे भाषांतर करताना ‘आय हॅव डन द साइन’ असे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे. इंग्रजीत ‘साइन’ हेच क्रियापद आहे आणि सहीला ‘सिग्नेचर’ म्हणतात. तेव्हा ‘आय हॅव साइन्ड द ड्रॉइंग’ एवढे पुरते.

दुसरी पायरी: शब्दयोगी अव्यय नामाबरोबर की क्रियापदाबरोबर, हे तपासा

मराठी माणसाच्या इंग्रजी पत्रांत सर्वाधिक आढळणारी चूक ‘डिस्कस अबाउट’ ही आहे आणि तिचे कारण स्पष्ट आहे. मराठीत चर्चा ‘एखाद्या गोष्टीबद्दल’ होते. इंग्रजीतही नाम असेल तर ‘अ डिस्कशन अबाउट द रेट’ बरोबरच आहे; पण तोच शब्द क्रियापद झाला की त्याला कर्म थेट लागते: ‘वुई डिस्कस्ड द रेट’. ही एक गोष्ट नीट समजली की एका वेळी दहा-बारा चुका गळून पडतात, कारण इंग्रजीत अशा जोड्यांचे मोठे कुटुंब आहे. ‘अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट’, पण ‘वुई रिक्वेस्ट पेमेंट’. ‘देअर इज अ डिमांड फॉर दिस पार्ट’, पण ‘द कस्टमर डिमांडेड अ रिफंड’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘वुई एम्फसाइझ क्वालिटी’. ‘अ व्हिजिट टू युवर प्लांट’, पण ‘वुई व्हिजिटेड युवर प्लांट’. ‘कॉन्टॅक्ट विथ द एजंट’, पण ‘प्लीज कॉन्टॅक्ट द एजंट’. ‘लॅक ऑफ स्पेस’, पण ‘वुई लॅक स्पेस’.

उलट दिशेने काही क्रियापदांना अव्यय हवेच असते आणि आपण ते विसरतो. ‘एक्स्प्लेन’ हे त्यांतले पहिले: ‘आय विल एक्स्प्लेन यू द टर्म्स’ नाही, ‘आय विल एक्स्प्लेन द टर्म्स टू यू’. ‘रिप्लाय टू युवर मेल’, ‘रिप्लाय ऑन’ नव्हे. ‘कम्प्लाय विथ’, ‘अबाइड बाय’, ‘इन्व्हेस्ट इन’, ‘अपॉलोजाइज टू द कस्टमर फॉर द डिले’ हे एकेक शब्द म्हणून नव्हे, तर अव्ययासकट एक घटक म्हणून लक्षात ठेवावेत. ‘पे’ हे क्रियापद विशेष सांभाळावे: बिल, रक्कम आणि माणूस यांना ते थेट जोडले जाते, पण वस्तूसाठी ‘फॉर’ लागते. ‘वुई पेड द इन्व्हॉइस’, ‘वुई पेड द सप्लायर’, परंतु ‘वुई पेड फॉर द कास्टिंग्ज’. ऑर्डरच्या बाबतीत तर दोन अव्यये एका वाक्यात बसतात: ‘वुई प्लेस्ड ॲन ऑर्डर विथ देम फॉर २०० कास्टिंग्ज’. ज्याच्याकडे ऑर्डर दिली त्याच्यापुढे ‘विथ’, ज्या मालाची दिली त्याच्यापुढे ‘फॉर’.

तिसरी पायरी: ‘पर्यंत’ आणि ‘ने’ यांचे इंग्रजी रूप ठरवा

ही पायरी लहान आहे, पण येथे झालेली चूक पैशांत मोजावी लागू शकते. मराठीत ‘३० जूनपर्यंत माल पाठवतो’ आणि ‘३० जूनपर्यंत कार्यालय बंद आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ लागते. एखादे काम त्या तारखेला किंवा तिच्या आधी उरकायचे असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. वरच्या मसुद्यातील ‘डू द डिलिव्हरी टिल ३० जून’ याचा काटेकोर अर्थ असा होतो की पुरवठा ३० जूनपर्यंत सतत चालू राहील आणि मग थांबेल. दरवर्षी ठरावीक माल घेणाऱ्या ग्राहकाने हे वाचून करार संपणार असल्याचे समजावे, हेही अशक्य नाही.

वाढ आणि घट सांगताना असाच घोटाळा होतो. विक्री ४० लाखांवरून ४४ लाखांवर गेली, हे सांगण्याचे तीन सरळ मार्ग आहेत: ‘सेल्स रोज बाय १० पर्सेंट’, ‘देअर वॉज अ राइज ऑफ १० पर्सेंट इन सेल्स’, ‘सेल्स रोज फ्रॉम ४० लाख टू ४४ लाख’. क्रियापदाबरोबर ‘बाय’, नामाबरोबर ‘ऑफ’, ज्यात वाढ झाली त्यापुढे ‘इन’ आणि जेथे आकडा पोहोचला तेथे ‘टू’. नफ्याच्या प्रमाणाबद्दल लिहिताना ‘बाय’ऐवजी ‘टू’ पडले तर १० टक्क्यांनी वाढलेली गोष्ट १० टक्क्यांवर पोहोचल्याचे वाचले जाईल. परदेशी वाचकासाठी लाख आणि कोटी यांचे रूपांतरही करावे. ४० लाख म्हणजे ‘४ मिलियन’.

चौथी पायरी: ‘मोठा’ या विशेषणाला पर्याय शोधा

आपण मोठी स्पर्धा, मोठे नुकसान, मोठी मागणी म्हणतो आणि इंग्रजीत सगळीकडे ‘बिग’ लिहितो. इंग्रजीत स्पर्धा ‘स्टिफ’ किंवा ‘फिअर्स’ असते, नुकसान ‘हेवी’, मागणी ‘स्ट्राँग’ किंवा ‘हाय’, वाढ ‘शार्प’ किंवा ‘स्टीप’, आणि कमी वेळाची मुदत ‘टाइट’. सगळी विशेषणे पहिल्याच महिन्यात यायला हवीत असे नाही. आपल्या धंद्यात वारंवार येणाऱ्या पाच-सहा नामांची विशेषणे शिकावीत आणि पुढे जावे.

एक चूक मात्र आधीच टाळावी. ‘युवर प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह’ असे लिहू नये. माल ‘एक्स्पेन्सिव्ह’ असतो, किंमत ‘हाय’ असते. माल ‘चीप’ असतो, किंमत ‘लो’ असते. मराठीतही माल महाग असतो आणि भाव चढे असतात, हे आठवले की ही जोडी पुन्हा चुकत नाही.

द्वंद्व समासासारख्या जोड्यांमध्येही क्रम ठरलेला असतो. आपण ‘मागणी-पुरवठा’ म्हणतो, इंग्रजीत नेमके उलट, ‘सप्लाय अँड डिमांड’ रूढ आहे. ‘नफा-तोटा’ मात्र दोन्हीकडे एकाच क्रमाने येतो: ‘प्रॉफिट अँड लॉस’.

पाचवी पायरी: पैसा आणि करार यांचे शब्द तोलून वापरा

इतर ठिकाणी जोडी चुकली तर वाक्य ओबडधोबड होते. येथे चुकली तर संबंध बिघडतात, म्हणून या पायरीवर जास्त वेळ घालवावा. थकबाकीसाठी इंग्रजीत तीन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक फार महत्त्वाचा आहे. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे अजून न मिळालेली रक्कम. ती देण्याची तारीख उलटली आहे की नाही, याबद्दल हा शब्द काही सांगत नाही. ‘ड्यू’ म्हणजे जी द्यायची वेळ आली आहे किंवा अमुक तारखेला येणार आहे ती. ‘पेमेंट इज ड्यू ऑन १५ जुलै’. ‘ओव्हरड्यू’ म्हणजे तारीख उलटून गेली. ज्या बिलाची मुदत अजून आठ दिवस शिल्लक आहे, त्याला ‘युवर ओव्हरड्यू पेमेंट’ म्हटले तर वेळेवर पैसे देणाऱ्या माणसावर आपण थकबाकीदार असल्याचा ठपका ठेवतो. एका उद्योजकाने सद्भावनेने पाठवलेल्या आठवणपत्रात हा एक शब्द चुकला होता आणि जुन्या ग्राहकाची समजूत घालायला त्यांना स्वतः फोन करावा लागला. सौम्य आठवणीसाठी ‘धिस इज अ रिमाइंडर दॅट इन्व्हॉइस नंबर अमुक इज ड्यू ऑन १५ जुलै’ असे लिहावे. तारीख गेल्यावर ‘द इन्व्हॉइस इज नाउ टेन डेज ओव्हरड्यू’ असे दिवसांसह लिहावे. ‘वुई डिमांड युवर पेमेंट’ ही भाषा वकिलाच्या नोटिशीसाठी राखून ठेवावी. मराठीतल्या ‘मागणी’पेक्षा इंग्रजी ‘डिमांड’ कितीतरी कठोर आहे. बिलासाठी ‘रेज ॲन इन्व्हॉइस’ किंवा ‘इश्यू ॲन इन्व्हॉइस’, हिशेब चुकता करण्यासाठी ‘सेटल द अकाउंट’, आकार माफ करण्यासाठी ‘वेव्ह द चार्ज’ या जोड्याही जवळ असाव्यात.

करारासंबंधीच्या जोड्या तर कायद्यानेच घट्ट केलेल्या आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘परफॉर्म’ आणि ‘ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ हे शब्द आहेत आणि करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्या ७३ व्या कलमात आहे. म्हणून करार मोडला हे लिहिताना ‘ब्रोक’ समजले जाईल, पण औपचारिक पत्रात ‘ब्रीच्ड द कॉन्ट्रॅक्ट’ योग्य. करार केला म्हणजे ‘एन्टर्ड इन्टू ॲन ॲग्रीमेंट’ किंवा ‘साइन्ड’; करार रीतसर संपवला म्हणजे ‘टर्मिनेटेड’. करार संपवणे आणि मोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे येथे वेगळे सांगायला नको. निर्यातदारांना लागणाऱ्या लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे ग्राहकाच्या वतीने बँक विक्रेत्याला देते त्या पैशांच्या लेखी हमीचेही तसेच आहे. ग्राहक ते ‘ओपन’ करतो, बँक ‘इश्यू’ करते, विक्रेता कागदपत्रे ‘प्रेझेंट’ करतो आणि ती बरोबर असल्यास बँक ‘ऑनर’ करते, म्हणजे दिलेली हमी पाळते. हा शेवटचा शब्द कोणाची हौस नाही. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमांत तो व्याख्येसह दिलेला आहे.

सहावी पायरी: कचेरीतली ठरावीक वाक्ये वाचकानुसार ठेवा किंवा काढा

‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट बॅक’, ‘प्रिपोन’, ‘ऑन द सेम’ हे आपल्याकडच्या कचेऱ्यांत रुळलेले इंग्रजी आहे. देशातल्या देशात ते सर्वांना कळते, म्हणून त्याची टिंगल करण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. परंतु परदेशी वाचकासाठी ‘रिव्हर्ट’चा नेहमीचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे आणि ‘बॅक’ जोडल्याने तो दुप्पट होतो. उत्तर हवे असेल तर ‘प्लीज रिप्लाय’ लिहावे. ‘डू द नीडफुल’ची खरी अडचण वेगळीच आहे: नेमके काय करायचे ते त्यात नसते. ‘प्लीज साइन द अटॅच्ड ड्रॉइंग अँड रिटर्न इट बाय १२ मार्च’ असे लिहिले की ग्राहकाला काम कळते आणि तारीखही कळते.

येथेच आणखी एक गोष्ट उरकून घ्यावी. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘मशिनरी’, ‘फीडबॅक’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही.

सातवी पायरी: स्वतःची वही ठेवा आणि शंका आली की पडताळा

शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा आपल्या ग्राहकांच्या पत्रांतून जोड्या टिपून घेणे जास्त उपयोगी आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या ग्राहकाचा मेल आला की त्यातली नामे पाहावीत आणि प्रत्येक नामाच्या आधी कोणते क्रियापद आहे, नंतर कोणते अव्यय आहे, ते वहीत संपूर्ण वाक्यासकट लिहावे. ‘ऑर्डर’ या एका शब्दाचे पान केले तर ‘प्लेस’, ‘कन्फर्म’, ‘अमेंड’, ‘कॅन्सल’, ‘फुलफिल’ अशी क्रियापदे एकाखाली एक जमा होतात आणि ऑर्डरचा सारा प्रवास त्या पानावर दिसतो.

पडताळणीसाठी केवळ शोधयंत्रावर विसंबू नये. ‘डिस्कस अबाउट’ अवतरणचिन्हांत टाकून शोधले तर असंख्य पाने सापडतील, पण त्यामुळे ते बरोबर ठरत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले ऑनलाइन शब्दकोश पाहावेत. त्यांत नामाखाली उदाहरणवाक्ये असतात. जास्त खोलात जायचे असेल तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह आहे, ज्यात एखाद्या नामाशेजारी कोणते क्रियापद किती वेळा आले, हे शोधता येते. लेखन तपासणारी संगणक-साधने ‘डिस्कस अबाउट’ पकडतात, परंतु ‘आउटस्टँडिंग’च्या जागी ‘ओव्हरड्यू’ पडले असेल तर ती गप्प राहू शकतात, कारण वाक्य म्हणून ते शुद्धच असते.

आता त्या फाउंड्रीमालकांचा मसुदा. या पायऱ्यांतून नेल्यावर तो असा झाला: ‘डिअर’ आणि पुढे ग्राहकाचे आडनाव, मग ‘ॲज डिस्कस्ड, वुई आर प्लीज्ड टू ऑफर अ ५ पर्सेंट डिस्काउंट. वुई विल डिलिव्हर द गुड्स बाय ३० जून. प्लीज मेक द ॲडव्हान्स पेमेंट बाय २० मे अँड कन्फर्म बाय ईमेल.’ आगाऊ रक्कम कधीपर्यंत हवी, हे मूळ मसुद्यात नव्हते. २० मे ही तारीख त्यांना विचारून घातली.

पाठवण्यापूर्वी त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा लागला. ‘डिलिव्हरी’ म्हणजे त्यांच्या मनात माल कोल्हापूरहून ट्रकने निघणे होते. ऑर्डर मात्र एफओबी (‘फ्री ऑन बोर्ड’) न्हावा शेवा बंदर या अटीवर होती आणि इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींच्या नियमांनुसार त्या अटीत माल बंदरावर जहाजात चढवल्यानंतरच ‘डिलिव्हर’ झाला असे धरतात. म्हणजे त्यांच्या मनातल्या गोष्टीला शब्द ‘डिस्पॅच’ हा होता. मग आम्ही ते वाक्य ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स फ्रॉम अवर वर्क्स बाय ३० जून’ असे केले, त्याखाली माल जहाजावर चढण्याची अपेक्षित तारीख वेगळ्या ओळीत लिहिली आणि त्यानंतरच मेल पाठवला.